भेकराची वाट

बायकोच्या हाताखाली काम करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं अंबादास हिवराळे सकाळी चहा पिताना म्हणाला, आणि ऊन तापायच्या आत त्याच्या डोक्यावर शेणखताचं घमेलं चढलं. चढवणारी बायकोच होती.

उमेदीची सगळी वर्षं त्यानं साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ मशीन चालवलं. शाफ्ट असो की बुश, केसाएवढा फरक दिसला तरी गडी माल परत मशीनवर चढवायचा. गाळ्याची फरशीही तोच झाडायचा, कारण लोखंडाचा कीस पायाखाली आला की त्याचं डोकं फिरायचं. दिवाळीनंतर शेठनं गाळा विकला, मशीन भंगारात गेलं आणि अंबादास घरी बसला. बसला म्हणजे काय, पहिल्या आठवड्यात दाराची कडी, मोरीचा नळ, पंख्याची घरघर आणि शेजारणीचा मिक्सर एवढं सगळं त्यानं दुरुस्त केलं. पुढं दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा तो बायकोला, शकूला, भाकरी गोल कशी थापावी ते सांगू लागला. शकूनं तवा खाली उतरवला.

"उद्यापासून माझ्याबरोबर कामावर यायचं," ती म्हणाली. "नाहीतर या खोलीत एकतर तुम्ही राहाल, नाहीतर मी."

शकूचं काम म्हणजे झाडं लावायचं. कांदिवलीच्या पूर्वेला, त्यांची वस्ती संपून टॉवर सुरू होतात तिथं, एक लांबोळकं रान होतं. रान म्हणायचं ते गेल्या तीन पावसाळ्यांपासून. त्याआधी तिथं डेब्रिजचे ट्रक उलटे होत. त्याच्या एका टोकाला मोठं जंगल, थेट बोरिवलीकडं पसरलेलं. दुसऱ्या टोकाला इमारतींनी चहूबाजूंनी कोंडलेली एक टेकडी. पूर्वी जंगल आणि टेकडी एकच होतं. मध्ये रस्ते आले, बिल्डिंगी आल्या आणि टेकडीवरची जनावरं टेकडीवरच राहिली. आता तिथं एकुलतं एक भेकर उरलं होतं. भेकर म्हणजे बकरीएवढं, विटकरी रंगाचं हरीण, लाजाळू इतकं की माणसाच्या खोकल्यानंही पळावं. पहाटे ते टेकडीवरून कुत्र्यासारखं भुंकायचं. कधी जंगलातून दुसरं भेकर त्याला ओ द्यायचं. मधली माणसं कुशीवर वळून पुन्हा झोपायची.

रेवती नावाची एक मुलुंडची पोरगी हे काम चालवत होती. स्कूटरच्या मागं रोपांचे क्रेट बांधून यायची, आल्याआल्या चपला काढून मातीत पाय खुपसायची. तिनं आणि शकूच्या हाताखालच्या बायकांनी त्या पट्ट्यात ऐन, कुंभा, करंज, पळस, उंबर, पांगारा, खाली करवंदाच्या जाळ्या अशी इथलीच झाडं दाटीवाटीनं लावली होती. त्या झाडोऱ्यातून लपत-छपत जनावरं जंगलातून टेकडीवर जावीत, टेकडीवरची इकडं यावीत, एवढाच हिशेब. अडचण एकच होती. पट्टा जिथं टेकडीला भिडतो तिथं शैलछाया सोसायटीची भिंत होती. भिंत सोसायटीची आणि भिंतीलगतची जमीनही सोसायटीची. झाडं लावायला त्यांनी परवानगी दिली होती, पण आता मेंबरांना तिथं गाड्या लावायच्या होत्या. येत्या रविवारी कमिटी बघायला येणार होती. एक तर भिंतीला खालून वाट पाडून द्यायची, नाहीतर झाडं उपटून पार्किंग करायचं. पार्किंग झालं की पट्ट्याचं तोंडच बंद, आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

हे सगळं रेवतीनं अंबादासला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. पण तेव्हा त्याचं अर्धं लक्ष डोक्यावरच्या घमेल्यात होतं आणि अर्धं बायकांच्या हसण्यात.

"दाजी, मान सरळ ठेवा, नाहीतर खत खिशात पडंल!" सपना ओरडली. शकू त्यांची ताई, म्हणून अंबादास सगळ्यांचा दाजी. थट्टेचा परवाना नात्यातच मिळालेला.

रोपं लावताना त्यानं खिशातून सुतळी काढली आणि दोन खुंट्या ठोकून ओळ आखली. शकूनं येऊन सुतळी गुंडाळली आणि त्याच्या खिशात परत घातली. "जंगलात लाईन नसते," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात मोठी गोष्ट घडली. अंबादास तबेल्यावर खत आणायला गेला असताना रेवतीला भिंतीच्या अगदी बुंध्याशी ताज्या लेंड्या सापडल्या. भेकराच्या. जंगलातलं भेकर पट्ट्यातून चालत भिंतीपर्यंत आलं होतं! रेवती आणि शकू हात धरून लहान पोरींसारख्या नाचल्या. रेवतीनं फोटो काढला. रविवारी कमिटीला डोळ्यांनी दाखवता यावं म्हणून शकूनं लेंड्यांवर एक फुटकं मडकं पालथं घातलं. आता हे नवऱ्याला सांगायचं की नाही? सांगणारच होती. पण तेवढ्यात मुलुंडहून जावयाचा फोन आला, की लेकीला, चेतनाला, कळा सुरू झाल्यात. शकूनं साडीचा ओचा सोडला, पिशवी उचलली आणि रिक्षाला हात केला.

"पाणी घाला झाडांना," रिक्षातून ती ओरडली. "बाकी कशाला हात लावू नका! ऐकलं का?"

"ऐकलं!" अंबादास म्हणाला. ऐकलं त्यानं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला नात झाल्याचा फोन आला. पोरगी सुखरूप, वजन चांगलं, नाक थेट आजोबांवर. अंबादासच्या अंगात कुठून कोण जाणे वीस वर्षांच्या गड्याचं बळ आलं. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन तो पट्ट्यात शिरला आणि आत जाऊन उभा राहिला. त्यानं पहिल्यांदाच सगळीकडं नीट नजर फिरवली. गुडघ्यापर्यंत वाळका पाला, फांद्या कशाही आडव्या पडलेल्या, करवंदीचे काटे वाटेत आलेले, एका झाडाचा दुसऱ्याला मेळ नाही. रविवारी साहेबलोक बघायला येणार आणि हे असं! शकूची इज्जत ती काय राहणार?

जयंतीच्या आधी विहाराचं आवार कसं करतात ते त्याला आठवलं. भिंतीला चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि त्यावर पांढरा पट्टा, कडेनं चुन्यात बुडवलेले दगड. येणाऱ्याची छाती फुगून आली पाहिजे. काम दिसलं पाहिजे.

"सपना," तो म्हणाला, "खराटे किती आहेत आपल्याकडं?"

"ताई पाला काढू देत नाही, दाजी."

"ताई पाण्याची काळजी करते, मी दिसण्याची करतो. पाहुणे आले तर तू घर झाडत नाहीस?"

सपना घुटमळली. रेवतीही रोपं आणायला बाहेरगावी गेलेली, विचारायचं कुणाला? पण त्या बायकांपैकी निम्म्या जणींचं आयुष्य सोसायट्यांची आवारं झाडण्यात गेलेलं. पडलेलं पान पाहिलं की मुकादमाची शिवी आठवायची. एकीनं खराटा घेतला, मग दुसरीनं. गेरू कालवला तेव्हा तर सपनानंच पहिला ब्रश बुडवला. काय तो उत्साह! दोन दिवस त्यांनी जेवायलाही धड बसून घेतलं नाही. पाला खरवडून गोण्यांत भरला, गोण्या महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत चढवल्या. करवंदीच्या जाळ्या छाटून गोल केल्या. मधोमध सरळ वाट काढली, इतकी सरळ की अंबादास एका टोकाला पालथा झोपून एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होता. मनगटाएवढ्या प्रत्येक खोडाला गेरू लागला, त्यावर चार बोटं रुंद पांढरा पट्टा, सगळे एका उंचीवर. भिंतीपाशी एक फुटकं मडकं पालथं पडलेलं दिसलं. उचललं तर खाली बकरीच्या लेंड्या. वस्तीतल्या बकऱ्या कुठंही शिरतात, अशी शिवी हासडून त्यानं मडकं आणि लेंड्या दोन्ही गोणीत टाकल्या.

शनिवारी सकाळी शकू आली. हातात नातीच्या नावाची बर्फी, डोळे जागरणानं लाल, चेहरा मात्र उजळलेला. अंबादास पट्ट्याच्या तोंडाशी हात मागं बांधून उभा होता. कधी एकदा तिचा चेहरा बघतो असं त्याला झालं होतं.

तो त्यानं पाहिला. शकू चालत आली, वाटेवर दोन पावलं आत गेली आणि थांबली. तिनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मग ती बर्फीच्या डब्यासकट खाली बसली.

"पाला कुठंय?" तिनं विचारलं.

"गेला गाडीत. सगळा. एक पान ठेवलं नाही," अंबादास म्हणाला. पण सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला.

शकू ताडकन उठली आणि भिंतीकडं पळाली. परत आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. "आणि माझं मडकं?"

"ते बकरीच्या—"

"भेकराच्या होत्या त्या! भेकराच्या!" शकू एवढी ओरडली की पांगाऱ्यावरचे कावळे उडाले. "तीन वर्षांत पहिल्यांदा आलं होतं ते! उद्या दाखवायचं होतं मला! एवढंच होतं माझ्याकडं दाखवायला!"

तेवढ्यात रेवतीची स्कूटर येऊन थांबली. तिनं हेल्मेट काढलं आणि तसंच हातात धरून वाटेवर चालत आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एका कुंभ्याच्या खोडावरून बोट फिरवलं.

"काका, रेषा अगदी सरळ आल्यात," ती म्हणाली. "पण उघड्या जमिनीवर ते पाय ठेवत नाही हो. त्याला पाला लागतो, आडोसा लागतो. आणि उन्हाळा तोंडावर आलाय, उघडी माती आठ दिवसांत भाजून निघेल. मुळं जळतील."

बायका खराटे पाठीमागं लपवून उभ्या होत्या. अंबादासच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गाळ्यात त्याचा एक नग कधी परत आला नव्हता. इथं त्यानं बायकोचं अख्खं रान रिजेक्ट करून ठेवलं होतं. त्याला वाटलं, जमिनीनं दुभंगून आत घ्यावं. पण तीही त्यानंच झाडून लख्ख केलेली.

"पाला मी आणतो," तो म्हणाला.

"कुठून? झाडाला चिकटवणार का परत?" शकू म्हणाली. ती त्या दिवशी त्याच्याशी थेट बोललेली शेवटची गोष्ट.

अंबादासनं साकीनाक्याच्या दादूला फोन लावला. दादूचा छोटा टेम्पो होता, गाळ्याचा माल तोच न्यायचा. "टेम्पो घेऊन ये, आत्ताच्या आत्ता," अंबादास म्हणाला. "माल काय आहे?" दादूनं विचारलं. "कचरा," अंबादास म्हणाला आणि फोन ठेवला.

माघातले दिवस, पानगळ जोरात. प्रत्येक सोसायटीच्या कोपऱ्यात पाल्याचा ढीग, आणि प्रत्येक वॉचमन कचऱ्याच्या गाडीच्या नावानं बोटं मोडत बसलेला. दोघं एकेका गेटवर जाऊ लागले.

"पाला आहे का? वाळका? आम्हाला पाहिजे," अंबादास म्हणायचा. आयुष्यात कुणापुढं हात न पसरलेला माणूस, आणि मागायचं काय, तर केर!

"येडा झाला का रे?" पहिल्या गेटवरचा वॉचमन खो-खो हसला. "अरे ए, बघा, हा कचरा मागायला आला!" त्यानं आणखी दोघांना हाक मारून बोलावलं. अंबादास मान खाली घालून गोणी भरत राहिला. तिसऱ्या गेटपर्यंत त्याची लाज निम्मी झाली, सहाव्या गेटवर उरलीच नाही. पुढच्या एका गेटवर तो बिनदिक्कत म्हणाला, "आंब्याचा नको, जांभळाचा काढा. आणि काल साठवलेला कुठाय?" दादू स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

टेम्पो भरून आला, रिकामा झाला, पुन्हा गेला. पाल्यातून चिप्सची पाकिटं, निर्माल्याचे दोरे, एका चपलेचा पट्टा असं बरंच निघे, ते बायका बसून निवडत. धुळीनं सगळ्यांना शिंका सुटल्या. एक शिंकली की दहाजणी शिंकायच्या आणि मग हसायच्या. रेवतीनं ओल्या गोणपाटानं खोडं घासायला घेतली. तिच्या कोपरापर्यंत गेरूचे ओघळ आले. सपनानं पाल्याची भरली गोणी दादूच्या डोक्यावर उलटी केली आणि तिथून जी पालाफेक सुरू झाली ती शकूनं डोळे वटारले तेव्हाच थांबली. सकाळी मयत झाल्यासारखं वातावरण होतं, दुपारी लग्नघर झालं.

शकू मात्र नवऱ्याशी बोलत नव्हती. "सपना, दाजींना सांग, पाला दाबू नका म्हणावं, नुसता पसरा." अंबादास हातभर अंतरावर उभा. "सपना, ताईला सांग, पसरतोय म्हणावं." सपनाला त्या दिवशी दोन्हीकडून काम पडलं. पाठीचा काटा ढिला झाला, तळहातांना फोड आले, तरी अंबादास थांबला नाही. उन्हं कलली तेव्हा पट्टा पुन्हा गुडघाभर पाल्याखाली गेला होता. खोडांवर लालसर डाग राहिले होते, छाटलेल्या जाळ्या काही एका दिवसात पुन्हा वाढणार नव्हत्या, पण पाय टाकला की कुरकुर वाजत होतं.

रविवारी कमिटी आली. पुढं सेक्रेटरी देवव्रत काणे, कॅनव्हासचे बूट घातलेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. मागं यज्ञेश, बोटात गाडीची किल्ली फिरवत. घरात दोन गाड्या आणि जागा एकाच गाडीची, त्यामुळं पार्किंगचा झेंडा त्याच्याच हातात.

"इथून काही येतं का, एवढंच आम्हाला बघायचंय," काणे म्हणाले.

रेवतीनं फोनवर लेंड्यांचा फोटो दाखवला. यज्ञेशनं वाकून पाहिलं. "फोटो काय मॅडम, कुठलाही दाखवता येतो. ओरिजिनल कुठंय?"

शकू पायाच्या अंगठ्यानं पाला टोकरत होती. अंबादास पुढं आला.

"ओरिजिनल मी झाडून टाकलं, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून साफसफाई केली. बकरीच्या वाटल्या मला. यांची काही चूक नाही, चूक माझी आहे."

यज्ञेश हसला. "मग विषय संपला ना यार! येत नाही काहीच."

"येणार कसं?" अंबादास म्हणाला. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं आपण काय बोलणार आहोत, पण तोंड सुटलं होतं. "आमच्या गल्लीत पुढं रस्ता बंद आहे. रिक्षावाला नाक्यावरच उतरवतो, आत येतच नाही. का येईल? रिव्हर्स मारत जावं लागतं. माणूस येत नाही, तर भेकर कशाला येईल? भिंतीला नाक लावून परत जायला? तरी बिचारं एकदा येऊन गेलं. तुम्ही आधी भिंत उघडा. मग विचारा कोण येतं."

काणे त्याच्याकडं बघत राहिले. मग भिंतीकडं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "यज्ञेश, या म्हणण्यात तथ्य आहे रे."

"काका, उंदीरसुद्धा येणार नाही, मी सांगतो तुम्हाला!"

"मग बिघडतं कुठं? महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत वाट उघडी ठेवू. नाही आलं काही, तर भिंत बुजवायची, झाडं काढायची आणि जागा गाड्यांना द्यायची. मी स्वतः सही करीन." ते शकूकडं वळले. "मान्य आहे?"

"मान्य!" शकू म्हणाली. तिचा श्वास वर गेला तो खाली यायला वेळ लागला.

गवंडी बोलवायची भाषा निघाली तोवर अंबादास घरी पळत जाऊन छिन्नी, हातोडा, गुण्या आणि खडू घेऊन आला होता. भिंतीवर त्यानं चौकोन आखला, चारही कोन तपासले. मागून आवाज आला.

"भोक पण सरळच पाहिजे का?"

शकू होती. सपनामार्फत नव्हे, स्वतः बोलत होती. अंबादासनं मान वर केली नाही, कारण चेहरा आवरणं अवघड झालं होतं. "वाकडं पाडलं तर वरचं प्लास्टर खाली येईल," तो म्हणाला आणि पहिला घाव घातला.

काय हातोडा चालवला त्यानं! किती दिवसांनी त्याच्या हातांना त्यांचं काम मिळालं होतं. विटेमागून वीट अलगद सुटत गेली. आरपार पहिला उजेड दिसला तेव्हा बायकांनी एकच गिल्ला केला, आणि कमिटीतले दोघंतिघं पलीकडून वाकून हात घालून विटा ओढू लागले. वाट तयार झाली तशी अंबादासनं खालचा काठ दगडानं घासघासून गुळगुळीत केला. जनावराचं पोट खरचटायला नको.

मग सुरू झालं थांबणं. रोज सकाळी काणे पलीकडच्या बाजूला, टेकडीच्या पायथ्याला, झाडाआड खुर्ची टाकून पेपर घेऊन बसू लागले. इकडं बायका आवाज न करता पाणी घालायच्या. वाटेतून पहिल्यांदा आलं ते वस्तीतलं कुत्रं. मग एक मुंगूस गेलं, त्याचंही सगळ्यांना केवढं अप्रूप! शकू रात्रंदिवस त्याच विचारात, जेवताना घास हातात धरून बसायची. अंबादास रोज उठून आधी पाला चाचपून यायचा. महिना सरत आला. यज्ञेश एका संध्याकाळी टेप घेऊन आला आणि किती गाड्या बसतील ते मोजून गेला. जाताना अंबादासला म्हणाला, "काका, मनावर घेऊ नका, पण उद्या मीटिंग आहे." त्या रात्री शकूनं भाकऱ्या केल्या आणि दोघांनीही खाल्ल्या नाहीत.

मीटिंगच्या दिवशी उजाडताच दोघं पट्ट्यात आले. बायका अजून यायच्या होत्या. भिंतीपासून थोड्या अंतरावर शकू खाली बसून एका ऐनाच्या बुंध्याशी पाला सारखा करत होती, पाठ जंगलाकडं. अंबादास दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन वर येत होता. अचानक त्याचा पाय थांबला.

करवंदीच्या जाळीतून एक डोकं बाहेर आलं होतं. विटकरी, ओल्या नाकाचं, कपाळावर दोन काळ्या रेषा, आखूड शिंगं. कान वेगवेगळे हलत होते. शकूच्या पाठीमागं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

हाक! अंबादासच्या घशाशी आली होती. शके, मागं बघ! पण हाक मारली असती तर ते गेलं असतं, कायमचं. त्यानं दात आवळले. कॅनच्या कड्या बोटांत रुतल्या, दंड थरथरू लागले, पाण्याचा थेंब हिंदकळून पायावर पडला. खाली ठेवायची सोय नव्हती. भेकरानं एक पाय उचलला, पाल्यात ठेवला. दुसरा ठेवला. शकूच्या मागून ते चालत गेलं, भिंतीपाशी थबकलं, मान खाली घालून वास घेतला आणि त्या गुळगुळीत काठावरून अल्लद पलीकडं गेलं.

"असे खांबासारखे काय उभे राहिलात?" शकूनं मान वळवून विचारलं. "पाणी आणा की."

अंबादासनं कॅन खाली ठेवले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, तसा तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि कानाशी कुजबुजला, "गेलं. तुझ्या मागून गेलं."

"काय?" शकूचे डोळे मोठे झाले. तिनं त्याच्या दंडावर चापट मारली, मग आणखी एक. "आणि मला सांगितलं नाही? एवढी वर्षं राबले मी, आणि तुम्ही एकट्यानंच—"

पाल्यात कुरकुर झाली. अंबादासनं तिच्या तोंडावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरला आणि हळूच तिला वळवलं.

दुसरं होतं. अंगानं लहान, शिंगांशिवाय. मादी. जाळीच्या कडेला उभी राहून ती सरळ त्यांच्याकडं बघत होती. शकूच्या नाकातून येणारा गरम श्वास अंबादासच्या तळहाताला लागत होता. ती हलली नाही, तोही हलला नाही. मादीनं कान मागं टाकले, पहिल्याच्या पावलांवर पावलं टाकत भिंतीपर्यंत गेली, वाकली आणि दिसेनाशी झाली.

भिंतीपलीकडं खुर्ची पडल्याचा आवाज झाला. पेपर फडफडला. आणि जन्मात आवाज न चढवलेले देवव्रत काणे गळा काढून ओरडले, "शकुताई! अहो शकुताई! गेली! वर टेकडीवर गेली! दोन! मी बघितली हो, दोन!"

शकूनं तोंडावरचा हात बाजूला केला, पण सोडला नाही. घट्ट धरून ठेवला आणि भिंतीकडं बघत सगळ्या सोसायटीच्या खिडक्या उघडतील असं ओरडली,

"आम्ही पण बघितली! आम्ही दोघांनी बघितली!"